कागदावरची मोटार

मुलांनो, तुमच्यापैकी कोणाची मावशी, कोणाचा काका अमेरिकेत राहत असेल. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात नोव्हाय नावाचे एक शहर आहे. आपली शाळा सकाळी अकरा वाजता भरते, तेव्हा हिवाळ्यात तेथे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. लोकवस्ती सुमारे ६६ हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. या शहराच्या नावाची एक गमतीदार गोष्ट सांगतात. फार पूर्वी वाटेवरचा हा सहाव्या क्रमांकाचा थांबा होता म्हणे. इंग्रजीत 'नंबर' हा शब्द थोडक्यात 'नो' असा लिहितात आणि रोमन लिपीतील सहा हा आकडा 'व्ही' आणि 'आय' ही दोन अक्षरे जोडून लिहितात. झाले नोव्हाय! गोष्ट खरीच आहे असे सगळे मानत नाहीत, पण ऐकायला बरी वाटते.

नोव्हायपासून साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर डेट्रॉईट हे मोठे शहर आहे. डेट्रॉईट म्हणजे मोटारींचे माहेरघर. फोर्ड, जनरल मोटर्स, क्रायसलर या मोटारकंपन्या याच भागात वाढल्या. नोव्हायमध्ये मोटारींचे निरनिराळे भाग आणि यंत्रणा तयार करणाऱ्या कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत. तेथे काम करण्यासाठी जपानमधून, भारतातून बरीच कुटुंबे आली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. तेव्हा तुमची मावशी नोव्हायला असेल, तर ती किंवा तिच्या शेजारची मंडळी मोटारींच्या कामातच असण्याचा बराच संभव आहे.

आता अशी कल्पना करा. जानेवारी महिना आहे. रात्रभर बर्फ पडला आहे. रस्त्यावर काचेसारखा गुळगुळीत थर जमला आहे. मावशी मोटार चालवत कामाला निघाली आहे. एवढ्यात समोर पिवळ्या रंगाची शाळेची बस थांबते आणि मुले उतरू लागतात. मावशी ब्रेक दाबते. मोटार थांबेल का? थांबेल, पण किती अंतरावर?

हा प्रश्न ब्रेक तयार करणाऱ्या अभियंत्याला आधीच सोडवावा लागतो. मोटार रस्त्यावर आल्यावर उत्तर कळून उपयोग नाही. मग त्याने काय करावे? शंभर मोटारी बर्फावर नेऊन एकेक आपटून पाहावी? त्यात पैसा जाईल, वेळ जाईल आणि माणसांच्या जिवाला धोका होईल तो वेगळाच.

अशी अडचण केवळ मोटारवाल्यांची नाही. धरण बांधणाऱ्यांनाही ती येते. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. त्याची सुरुवात १९१६ साली झाली. तेथे नद्यांच्या, धरणांच्या आणि बंदरांच्या लहान लहान प्रतिकृती तयार करतात. प्रतिकृती म्हणजे हुबेहूब छोटे रूप. छोट्या नदीत पाणी सोडायचे, छोट्या धरणाचे दरवाजे उघडायचे आणि पाणी कोठे उसळते, काठ कोठे खचतो ते पाहायचे. छोट्या नदीला पूर आला तर कोणाचे घर वाहून जात नाही!

पण काही प्रतिकृती विटा-मातीच्या नसतात. त्या आकड्यांच्या असतात. त्यांना गणिती प्रतिमान म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका. एक प्रतिमान आपण आत्ताच तयार करू या. त्यासाठी पाण्याचे एक पिंप पुरे.

पिंपात २०० लिटर पाणी मावते. ते रिकामे आहे. वरून नळ सोडला आहे. नळातून दर मिनिटाला १० लिटर पाणी पडते. पण पिंपाच्या बुडाशी एक भोक आहे. पाणी जास्त असले की भोकातून ते जोरात जाते, कमी असले की हळू जाते. सोपे जावे म्हणून आपण असे धरून चालू, की पिंपात जेवढे पाणी असेल त्याचा दहावा भाग दर मिनिटाला गळून जातो.

सांगा बरे, पिंप किती वेळात भरेल?

पुष्कळ मुले पटकन म्हणतील, "वीस मिनिटांत भरेल, नाहीतर गळतीमुळे तीस मिनिटे लागतील." आपण हिशेब मांडून पाहू. पहिल्या मिनिटाअखेर पिंपात १० लिटर पाणी झाले. दुसऱ्या मिनिटात त्यातले १ लिटर गेले आणि १० लिटर आले, म्हणजे १९ लिटर झाले. तिसऱ्या मिनिटात १.९ लिटर गेले, १० आले, म्हणून २७.१ लिटर. असेच पुढे चालू ठेवा. वीस मिनिटांनी सुमारे ८८ लिटर होतात आणि चाळीस मिनिटांनी साडेअठ्ठ्याण्णव. आणि नंतर? नंतर पाणी १०० लिटरच्या अगदी जवळ येऊन जणू थबकते. कारण १०० लिटरचा दहावा भाग म्हणजे १० लिटर. जेवढे येते तेवढेच जाते. नळ दिवसभर चालू ठेवला, तरी ते पिंप भरायचे नाही!

आता उलट करून पाहा. पिंप आधीच काठोकाठ भरलेले आहे, म्हणजे २०० लिटर. पहिल्या मिनिटात २० लिटर गेले, १० आले, राहिले १९०. पुढच्या मिनिटात १९ गेले, १० आले, राहिले १८१. पाणी उतरत उतरत पुन्हा १०० कडेच येते. वरून आले तरी तेथेच, खालून आले तरी तेथेच. पिंपाला कोणी हे शिकवले नाही. पाणी वाढले की गळती वाढते आणि गळती वाढली की पाणी वाढायचे थांबते. एका गोष्टीचा परिणाम फिरून पुन्हा तिच्यावरच होतो. शास्त्रज्ञ याला प्रत्याभरण म्हणतात.

आपण काय केले ते नीट ध्यानात घ्या. आत्ता किती आहे ते लिहिले. थोड्या वेळात त्यात काय भर पडते आणि काय वजा होते याचा नियम लिहिला. मग त्या नियमाने एकेक पाऊल पुढे टाकत गेलो. खरे पिंप नाही, खरा नळ नाही, पाण्याचा एक थेंबही सांडला नाही, तरी चाळीस मिनिटांनंतरची गोष्ट कळली.

आता पुन्हा बर्फावरच्या मोटारीकडे वळू.

मावशीच्या मोटारीचा वेग ताशी ७२ किलोमीटर आहे. ७२ किलोमीटर म्हणजे ७२,००० मीटर आणि एक तास म्हणजे ३,६०० सेकंद. भागाकार करा. मोटार दर सेकंदाला २० मीटर जाते. साधारण तुमच्या दोन-तीन वर्गांच्या लांबीएवढे अंतर एका सेकंदात! ब्रेक दाबला, की टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणामुळे हा वेग कमी होऊ लागतो. तो किती कमी होतो, हे रस्त्यावर अवलंबून असते. पावसाने भिजलेल्या रस्त्यावर, समजा, दर सेकंदाला वेग ४ ने उतरतो.

मांडा हिशेब. पहिल्या सेकंदाच्या आरंभी वेग २०, दुसऱ्याच्या आरंभी १६, मग १२, मग ८, मग ४, मग शून्य. पाच सेकंदांत मोटार थांबली. पहिल्या सेकंदात ती २० मीटर गेली, दुसऱ्यात १६ मीटर, असे धरले तर २०, १६, १२, ८ आणि ४ यांची बेरीज ६० मीटर होते.

पण थांबा. येथे एक खोट आहे. पहिल्या सेकंदाच्या आरंभी वेग २० होता हे खरे, पण त्या सेकंदभर तो २० राहिला नव्हता. तो सारखा उतरत होता. आपण मात्र सेकंद पुरा होईपर्यंत तो २० च धरला. म्हणजे आपले उत्तर खऱ्यापेक्षा मोठे आले.

मग काय करायचे? पाऊल लहान करायचे. दर सेकंदाऐवजी दर अर्ध्या सेकंदाला हिशेब करा. आता वेग २०, १८, १६, १४ असा दोन दोनने उतरत २ पर्यंत येईल. या सगळ्यांची बेरीज ११०. प्रत्येक वेगाने मोटार अर्धाच सेकंद चालली, म्हणून ११० च्या निम्मे, ५५ मीटर. आणखी लहान पाऊल घ्या, पाव सेकंदाचे. वेग २०, १९, १८ असा एकेकाने उतरेल. एक ते वीसची बेरीज २१० आणि तिचा चौथा भाग साडेबावन्न मीटर. पाहिलेत का? ६०, मग ५५, मग साडेबावन्न. पाऊल निम्मे केले की चूकही निम्मी होते. खरे उत्तर ५० मीटर आहे आणि पावले बारीक करत गेलो की आपण त्याच्या जवळ जवळ जातो.

लहान लहान पावले टाकत पुढचे अंदाज बांधण्याची ही रीत स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले गणिती लेओनार्ड ऑयलर यांनी १७६८ साली छापलेल्या ग्रंथात मांडली. पुढे त्यांची दृष्टी जवळजवळ गेली, तरी ते तोंडी सांगत आणि दुसरे लिहून घेत. त्यांचे काम थांबले नाही. त्या काळी एकेक पाऊल हाताने मोजावे लागे. आज तेच काम संगणक करतो. तो आपल्यासारखाच बेरीज-वजाबाकी करतो, फक्त एका सेकंदात कोट्यवधी वेळा करतो आणि कंटाळत नाही.

आता बर्फाचा हिशेब. बर्फावर घर्षण फारच थोडे. समजा, दर सेकंदाला वेग केवळ १ ने उतरतो. मोटार थांबायला वीस सेकंद लागतील आणि बारीक पावलांनी हिशेब केला, तर अंतर येते २०० मीटर! ओल्या रस्त्यावर ५० मीटर, बर्फावर चौपट. शाळेची बस शंभर मीटरवर असेल तर? म्हणून तर हिवाळ्यात तेथे रस्त्यांवर मीठ टाकतात. मिठामुळे बर्फ वितळतो. आणि म्हणूनच बर्फात गाडी हळू चालवायची असते. वेग निम्मा केला, तर थांबण्याचे अंतर निम्मे नव्हे, चौथा भाग होते. तुमचा विश्वास बसत नसेल तर ताशी ३६ किलोमीटर वेग धरून वहीत हिशेब करा.

येथपर्यंत आपण एकच गोष्ट मोजत होतो, ती म्हणजे वेग. खऱ्या मोटारीत एकाच वेळी कितीतरी गोष्टी बदलत असतात. ब्रेक दाबला की मोटारीचे नाक खाली झुकते. भार पुढच्या चाकांवर जातो. पुढची चाके रस्ता घट्ट धरतात, मागची हलकी होतात. ब्रेक तापतो. तापला की त्याची पकड बदलते. पकड बदलली की वेग उतरण्याची गती बदलते आणि त्यामुळे भार पुन्हा मागेपुढे होतो. एकीचा दुसरीवर, दुसरीचा तिसरीवर आणि तिसरीचा फिरून पहिलीवर परिणाम! पिंपात पाण्याची एकच वही होती. येथे वीस-पंचवीस वह्या एकाच वेळी लिहायच्या आणि प्रत्येक पावलाला एका वहीतला आकडा दुसऱ्या वहीत न्यायचा. याला गुंतागुंतीची बदलती व्यवस्था म्हणतात. ती माणसाने हाताने करायची म्हटली तर मोटार पाच सेकंदांत थांबेल आणि हिशेब पाच महिने चालेल.

क्लीव्ह मोलर नावाचे एक प्राध्यापक अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवत होते. मोठमोठे हिशेब संगणकाला सांगणे विद्यार्थ्यांना फार किचकट वाटे. म्हणून १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मोलर यांनी त्यांच्यासाठी एक सोपी प्रणाली लिहिली. तिचे नाव मॅटलॅब. १९८४ मध्ये मोलर, जॅक लिटल आणि त्यांचे सहकारी यांनी मॅथवर्क्स ही कंपनी काढली. या कंपनीची एक कचेरी नोव्हायमध्येही आहे. मोटारींचे अभियंते जवळच, मग कचेरीही जवळच हवी ना! या कंपनीच्या सिम्युलिंक नावाच्या प्रणालीत संगणकाच्या पडद्यावर चौकटी काढतात आणि त्या बाणांनी जोडतात. एक चौकट ब्रेकची, एक चाकाची, एक रस्त्याची. आपल्या पिंपाचेही असे चित्र काढता येईल. नळाकडून पिंपाकडे एक बाण, पिंपाकडून भोकाकडे एक बाण आणि 'पाणी किती आहे' हा निरोप भोकाला देणारा आणखी एक बाण.

या चौकटी आणि बाणांचा खरा उपयोग कोठे होतो ते पाहा. तुम्ही चिखलातून चालताना घसरला असालच. पाय टिकून असतो तोवर जमीन त्याला धरते. एकदा चप्पल घसरू लागली, की ती घसरतच जाते आणि मग पाय हवा तेथे वळवता येत नाही. चाकाचेही तसेच आहे. ब्रेक फार जोरात दाबला तर चाक फिरायचे थांबते, जखडते आणि घसरू लागते. मग सुकाणू कितीही फिरवा, मोटार सरळच जाते. समोर बस आहे हे दिसत असूनही तिला चुकवता येत नाही.

यावर उपाय म्हणजे चाक जखडू न देणारे ब्रेक. त्यांना थोडक्यात एबीएस म्हणतात. चाकापाशी एक छोटे उपकरण असते. चाक किती वेगाने फिरत आहे हे ते सारखे कळवत असते. चाक जखडणार असे दिसले, की मोटारीतला लहानसा संगणक ब्रेक किंचित सैल करतो, चाक फिरू लागले की पुन्हा आवळतो. सैल, घट्ट, सैल, घट्ट, असे एका सेकंदात कितीतरी वेळा. जर्मनीच्या बॉश कंपनीने असे संगणकावर चालणारे ब्रेक १९७८ मध्ये बाजारात आणले. एबीएसमुळे थांबण्याचे अंतर दर वेळी कमी होते असे मात्र नाही. भुसभुशीत बर्फावर ते उलट थोडे वाढतेही. पण मोटार वळवता येते, हा मोठा लाभ. आपल्या देशातही १२५ सीसीहून मोठ्या मोटारसायकलींना १ एप्रिल २०१९ पासून हे ब्रेक सक्तीचे झाले. तुमच्या घरी किंवा शेजारी अशी गाडी असेल, तर तिच्या पुढच्या चाकाजवळची भोके पाडलेली गोल चकती मोठ्या माणसांना दाखवायला सांगा.

पण ब्रेक किती सैल करायचा आणि केव्हा आवळायचा? थोडा उशीर झाला तर चाक जखडेल, फार घाई केली तर मोटार थांबणारच नाही. कोरडा रस्ता, ओला रस्ता, बर्फ, डाव्या चाकाखाली डांबर आणि उजव्या चाकाखाली बर्फ, रिकामी मोटार, पाच माणसांनी भरलेली मोटार, नवे टायर, झिजलेले टायर... अशा हजारो तऱ्हा होतात. अभियंता त्या सगळ्या तऱ्हा आधी संगणकातल्या मोटारीवर करून पाहतो. ती मोटार दिवसातून हजार वेळा घसरली तरी कोणाला खरचटत नाही.

तेवढ्यावर काम संपत नाही. संगणकातली मोटार थांबली म्हणजे खरी मोटार थांबेलच असे नव्हे. नोव्हायपासून जवळच मिलफर्ड नावाचे गाव आहे. तेथे जनरल मोटर्सने १९२४ मध्ये मोटारी चालवून पाहण्यासाठी खास मैदान तयार केले. ते आजही वापरात आहे. आपल्याकडे पुण्याला 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' ही संस्था १९६६ पासून वाहनांच्या चाचण्या घेते. मैदानावर खरी मोटार, खरा ब्रेक आणि हातात मोजपट्टी! संगणक म्हणाला ५० मीटर आणि मैदानावर निघाले ५८ मीटर, तर चूक मैदानाची नसते. आपण कोणती तरी गोष्ट धरायची विसरलो, ती शोधावी लागते. माझ्या मते या कामातला सर्वांत अवघड भाग हाच आहे. बेरजा संगणक करतो, पण काय विसरले ते संगणक सांगत नाही.

अशीच पावले पैशाच्या हिशेबातही टाकता येतात. तुम्ही १०० रुपये बँकेत ठेवले आणि दर वर्षी शेकडा १० व्याज मिळते असे समजा. पहिल्या वर्षाअखेर ११० रुपये, दुसऱ्या वर्षाअखेर १२१, तिसऱ्या वर्षाअखेर १३३ रुपये १० पैसे. आठव्या वर्षी रक्कम दुपटीच्या पुढे जाते आणि पंचवीस वर्षांनी सुमारे १,०८३ रुपये होतात! पिंपातल्या पाण्याचा दहावा भाग दर मिनिटाला जात होता, येथे रकमेचा दहावा भाग दर वर्षी येतो. गणित तेच, फक्त वजाऐवजी अधिक. पाण्याचा हिशेब आणि पैशाचा हिशेब हे सख्खे भाऊच म्हणा ना.

कर्जाचा हिशेब याहून मजेदार आहे. एका कुटुंबाने घरासाठी १,००,००० रुपये कर्ज घेतले. व्याज शेकडा १०. दर वर्षी ते १५,००० रुपये हप्ता भरतात. पहिल्या वर्षी १०,००० रुपये व्याज चढले, १५,००० फेडले, राहिले ९५,०००. दुसऱ्या वर्षाअखेर ८९,५००. असे करत बाराव्या वर्षी कर्ज फिटते. हप्ता १०,००० च असेल तर? व्याज तेवढेच, फेड तेवढीच. कर्ज जन्मभर एक लाखच राहील. आणि हप्ता ९,००० असेल, तर वर्षाअखेर कर्ज १,०१,०००, मग १,०२,१००, असे फेडता फेडता वाढतच जाईल! हजार रुपयांचा फरक, पण एका बाजूला उतार आणि दुसऱ्या बाजूला चढण.

अमेरिकेतल्या बँकांनी अशी घरकर्जे फार मोठ्या प्रमाणावर दिली होती. पुष्कळ कर्जांचे व्याज पहिली काही वर्षे कमी आणि नंतर जास्त असे होते. अशा हजारो कर्जांच्या मोळ्या बांधून त्या विकण्यात येत. मोळी कितपत भरवशाची आहे, हे गणिती प्रतिमानांनी ठरवत. ती प्रतिमाने हुशार माणसांनी केली होती, बेरजाही बरोबर होत्या. मग चुकले कोठे?

तुमच्या वर्गाचे उदाहरण घ्या. वर्गात तीस मुले आहेत. बाईंनी हजेरी पाहिली. कोणाला ताप, कोणाच्या घरी लग्न, अशी रोज दोन मुले गैरहजर असतात. बाईंनी धरले, की उद्याही दोनच मुले नसतील. खिचडी अठ्ठावीस जणांची करायला सांगितली. हिवाळाभर अंदाज बरोबर निघाला. मग पावसाळा आला. ओढ्याला पूर आला आणि पलीकडच्या वाडीतली बाराच्या बारा मुले एकदम गैरहजर! एका मुलाला ताप आला म्हणून दुसऱ्याला येत नाही, पण ओढा मात्र सर्वांना एकदमच अडवतो. बाईंच्या हिशेबात ओढा नव्हता.

बँकांच्या हिशेबातही ओढा नव्हता. एका शहरात घरांच्या किमती उतरल्या तरी दुसऱ्या शहरात त्या चढत्या राहतील, काही लोकांनी हप्ता बुडवला तरी बाकीचे भरतील, असे धरले होते. मागच्या पुष्कळ वर्षांत तसेच घडत आले होते. पण २००६ नंतर घरांच्या किमती देशभर एकदमच उतरू लागल्या. हप्ते थकले, घरे विकायला निघाली, त्यामुळे किमती आणखी उतरल्या आणि आणखी हप्ते थकले. येथेही परिणाम फिरून स्वतःवरच आला, पण पिंपासारखा थोपवणारा नव्हे, ढकलणारा. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही १८५० पासूनची पेढी बुडाली. बँका कर्ज देईनात, म्हणून लोक मोटारी घेईनात. ३० एप्रिल २००९ रोजी क्रायसलरने आणि १ जून २००९ रोजी जनरल मोटर्सने आपले दिवाळे निघाल्याचे न्यायालयात जाहीर केले. पुढे सरकारच्या मदतीने त्या कंपन्या सावरल्या. पण त्या वर्षी मिशिगन राज्यात काम करू इच्छिणाऱ्या दर सात माणसांमागे साधारण एका माणसाला काम नव्हते. नोव्हायच्या आसपास ब्रेक, टायर, दिवे तयार करणारी किती घरे त्यात असतील, याची कल्पना करा. ज्या माणसांनी बर्फावरची मोटार थांबवण्याचे गणित अचूक मांडले, त्यांचेच काम दुसऱ्या कोणाच्या चुकलेल्या गणिताने गेले.

त्यानंतर अमेरिकेतल्या मोठ्या बँकांना दर ठरावीक काळाने एक परीक्षा द्यावी लागते. घरांच्या किमती एकदम कोसळल्या, पुष्कळ लोकांचे काम एकदम गेले, तर तुमची बँक तग धरेल का, हे आकड्यांनी दाखवा, असे त्यांना सांगितले जाते. ब्रेकचा अभियंता चारही चाके एकदम बर्फावर ठेवून पाहतो ना, तसेच हे. बाईही आता पावसाळ्यात सकाळी आधी ओढ्याचे पाणी विचारतात, मग तांदूळ मोजायला सांगतात.

शब्दार्थ
प्रतिकृती – एखाद्या वस्तूचे हुबेहूब लहान रूप. गणिती प्रतिमान – एखादी गोष्ट कशी बदलते हे आकडे आणि नियम यांनी दाखवणारी मांडणी. घर्षण – दोन वस्तू एकमेकींवर घासताना होणारा अडथळा. जखडणे – फिरायचे थांबून घट्ट बसणे. सुकाणू – मोटार वळवण्याचे चाक. दिवाळे निघणे – देणी देण्याइतका पैसा न उरणे.

स्वाध्याय
१. पिंपाचे भोक मोठे झाले आणि दर मिनिटाला पाण्याचा पाचवा भाग गळू लागला, तर पाणी किती लिटरवर थबकेल?
२. कोरड्या रस्त्यावर मोटारीचा वेग दर सेकंदाला ८ ने उतरतो. आरंभीचा वेग सेकंदाला २० मीटर आहे. अर्ध्या सेकंदाचे पाऊल धरून थांबण्याचे अंतर काढा. खरे उत्तर २५ मीटर आहे. तुमचे उत्तर जास्त का आले?
३. पाठातल्या कुटुंबाच्या कर्जाचे व्याज शेकडा १० ऐवजी १२ झाले, हप्ता १५,००० च राहिला. पहिल्या दोन वर्षांअखेर किती कर्ज उरेल?
४. बाईंच्या हिशेबात ओढा नव्हता, म्हणजे काय?
५. एका पेल्यात गरम पाणी घ्या. मोठ्या माणसांच्या मदतीने दर पाच मिनिटांनी तापमापकाने त्याचे तापमान मोजा व वहीत लिहा. पहिल्या पाच मिनिटांत ते किती उतरले आणि शेवटच्या पाच मिनिटांत किती उतरले? दहा मिनिटांनंतरचे तापमान आधी अंदाजाने लिहून ठेवा, मग मोजून पाहा.